ओन्सोतचा आवाज आणि दुसरी यादी

आजच्या सोहळ्याच्या अध्यक्षा आणि आपल्या कंपनीच्या प्रमुख सन्माननीय मेंग ह्ये-रान, व्यासपीठावर विराजमान असलेले मिर्यांगचे नगराध्यक्ष महोदय, कामगार संघटनेचे सचिव, दूरदूरच्या गावांहून आलेले आमचे जुने विक्रेते, समोर बसलेले माझे आजी-माजी सहकारी, त्यांचे कुटुंबीय, आणि तिसऱ्या रांगेत मुद्दाम खांबाआड जागा धरून बसलेली माझी पत्नी, आपणा सर्वांपुढे मी, योम ग्यु-छॉल, आदरपूर्वक वाकतो.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे दोन गोष्टी छापल्या आहेत. पहिली, 'ओन्सोतची पंचेचाळीस वर्षे' या विषयावर वीस मिनिटं. दुसरी, निरोप. म्हणजे इतिहासही मीच सांगायचा आणि सांगून झाला की मीच निघायचं. अध्यक्षांनी काटकसर वडिलांकडून घेतली आहे, दुसरं काय!

मघाशी मानपत्र वाचलं गेलं. 'माणसं सांभाळणारा माणूस' असे त्यात शब्द आहेत. ते वाचले जात असताना मी खाली बघत होतो. काही जणांना वाटलं असेल, काय विनय आहे योम साहेबांचा! तो विनय नव्हता. मला वर बघवत नव्हतं. का, ते मी आज सांगणार आहे. अध्यक्षांना मी काल याची कल्पना दिली. त्या म्हणाल्या, "काका, बोला. बाबा असते तर त्यांनीही बोला असंच म्हटलं असतं." त्यांची मी परवानगी घेतली आहे. आपलीही घेतो.

तर इतिहास.

एकोणीसशे एकोणऐंशी साली कैलासवासी मेंग जे-हो साहेबांनी मिर्यांगच्या बाजारात, मासळीच्या गल्लीच्या तोंडाशी, विजेचे कुकर दुरुस्त करायचं दुकान टाकलं. बायका कुकर काखेत मारून यायच्या. "हा मेला भात करपवतो." साहेब विचारायचे, "कुकर करपवतो, का तुम्ही शेजारणीशी बोलत बसता?" त्यावर एक आजी म्हणाल्या होत्या, "अरे, बोलत बसता यावं म्हणूनच तर कुकर घेतला ना!" साहेब ही गोष्ट मरेपर्यंत सांगायचे. माणूस कुकर कशासाठी घेतो ते आपल्याला त्या आजींनी शिकवलं, असं म्हणायचे.

दुकानाची शेड झाली, शेडचा कारखाना झाला. पण कुकर आमचा आणि नाव दुसऱ्याचं. एका मोठ्या कंपनीसाठी आम्ही माल करायचो. आमच्या हातचा कुकर आमच्याच घरी परक्याचं नाव लावून यायचा. मी अठ्ठ्याऐंशी साली लागलो तो याच काळात, कर्मचारी विभागात कारकून म्हणून. दहा वर्षांत त्या विभागाचा प्रमुख झालो.

आता आवाजाकडे येतो. आज आपल्या देशात कुणालाही विचारा, ओन्सोत म्हटलं की काय आठवतं? झाकणाची वाफ निघून जाते आणि एक बाई म्हणते, "भात झाला हो. जरा मोकळा करून घ्या." त्या एका वाक्यानं आपल्याला घराघरांत नेलं. कल्पना साहेबांचीच. त्यांच्या आईंची दृष्टी अधू झाली होती, कुकरचा दिवा त्यांना दिसायचा नाही. साहेब म्हणाले, "दिसत नसेल तर ऐकू तर येईल!"

सत्त्याण्णव सालच्या शरद ऋतूत सोलहून एका निवेदिकेचं ध्वनिमुद्रण करून आणलं. जेवणघरात सगळ्यांना ऐकवलं. उच्चार असे स्वच्छ, की काय सांगू! ऐकून आमच्या एक स्वयंपाकीणबाई म्हणाल्या, "आता ही उद्याचं हवामान सांगणार." सगळे हसले. साहेब हसले नाहीत. ते उठून कारखान्यात फेऱ्या मारायला लागले. शेवटच्या तपासणीच्या टेबलावर एक बाई मोठ्यानं आकडे पुकारत होती, "चारशे बारा, ठीक. चारशे तेरा, झाकण. चारशे चौदा, ठीक." साहेब तिथेच थांबले. म्हणाले, "हिला बोलवा."

तिचं नाव प्यो माल-सुन. वय पस्तीस. घरातली पाचवी मुलगी. आता पुरे झाल्या मुली, म्हणून बापानं नाव ठेवलं माल-सुन, म्हणजे शेवटची. पण आपल्या भाषेत 'माल' म्हणजे बोलणंसुद्धा. साहेब म्हणाले, "बापानं नाव चुकून बरोबर ठेवलंय."

चाचणीच्या स्वयंपाकघरात खिडक्यांना रजया लावल्या. तरी शेजारच्या, पत्रा दाबणाऱ्या प्रेसचा धाड-धाड आवाज यायचाच. त्या प्रेसवर कोण होता? तिचाच नवरा, वू तेक-सू. तो म्हणाला, "मी अर्धा तास प्रेस बंद ठेवतो, नंतर भरून काढतो." आणि हातमोजे काढून दारात उभा राहिला. बायको बोलणार, म्हणून याचेच कान लाल.

पहिल्यांदा ती बातम्यांसारखंच बोलली. साहेब म्हणाले, "बाई, असं नको. घरातल्यांना जेवायला हाक मारतेस ना, तसं म्हण."

"तसं नाही चालायचं साहेब."

"का?"

"घरी मी 'या गिळायला' म्हणते."

दारातून नवरा म्हणाला, "खरं आहे साहेब. रोज म्हणते."

"तुम्ही गप्प बसा हो, आधी प्रेस बघा."

त्या हशातच एकदा ते वाक्य तिच्या तोंडून सहज गेलं. तेच आपण ठेवलं. शेवटच्या शब्दावर अजून थोडं हसू ऐकू येतं, लक्ष देऊन ऐका. त्या कामाबद्दल तिला पेअरची एक पेटी दिली. ती तिनं जेवणघरात सगळ्यांना कापून वाटली.

आणि दोनच महिन्यांत ते आर्थिक संकट आलं, ज्याची आठवण या सभागृहातल्या पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाला आहे. मोठ्या कंपनीचा एक कागद आला, सगळा माल रद्द. साहेब तीन दिवस हिशेब घेऊन बसले. चौथ्या दिवशी म्हणाले, "आता आपल्याच नावानं विकायचं." ओन्सोत हे नाव त्या दिवशी ठरलं. ओन्सोत, ऊबदार हंडी. पण नाव बाजारात येईपर्यंत तग धरायचा तर दोनशे दहांपैकी चौसष्ट माणसं कमी करावी लागणार होती. यादी मला करायला सांगितली. साहेबांनी मला एकच गोष्ट बजावली होती. म्हणाले, "योम, जे सांगशील ते खरं सांग. उद्या यांच्याच घरी आपल्याला कुकर विकायचाय."

मी दोन याद्या केल्या. एक मार्चची, एक जूनची. पहिलीत बायका जास्त होत्या. ज्या घरात दोन पगार, त्या घरातल्या बाईनं आधी जावं, असं तेव्हा सगळीकडेच चाललं होतं. सगळीकडे चाललं होतं म्हणून ते बरोबर होतं का? तेव्हा मी स्वतःला हे विचारलं नाही. आज विचारतो.

माल-सुनताईंना मी दुपारी साडेचारला बोलावलं. त्या टेबलावरून तशाच उठून आल्या, बोटाला तपासणीच्या शिक्क्याची निळी शाई. राजीनामा स्वखुशीचा आहे, असा कागद मी पुढे केला.

त्या म्हणाल्या, "माझंच नाव का साहेब? माझ्या टेबलावरून गेलेला एक तरी कुकर परत आलाय?"

"तसं नाही हो. तुम्ही दोघं एकाच कारखान्यात..."

"आणि मी सही केली तर ह्यांचं काय?"

माझ्या टेबलाचा उजवा खण तेव्हा किंचित उघडा होता. त्यात दुसरी यादी होती. मीच टंकलेली. त्यात पाचवं नाव वू तेक-सू.

मी म्हणालो, "तेक-सूची काय काळजी करता? एका घरातल्या दोघांना कोण काढेल?"

"शब्द देता?"

"दिला."

त्यांनी सही केली. उठताना म्हणाल्या, "मग ठीक आहे. ते राहिले ना, बस. त्यांना त्या प्रेसशिवाय काही येत नाही."

आपण विचाराल, खोटं का बोललास? सव्वीस वर्षं मी स्वतःसाठी बरीच उत्तरं तयार केली. कंपनी वाचवायची होती. देशावर वेळ आली होती. खरं उत्तर फार लहान आहे. खरं सांगितलं असतं तर त्यांनी सही केली नसती, त्या रडल्या असत्या, भांडल्या असत्या, आणि मला त्या दिवशी अजून अकरा जणांना बोलवायचं होतं.

जूनमध्ये तेक-सू आला. हातमोजे धुऊन, घडी घालून आणले होते. टेबलावर ठेवले आणि वाकला. मला वाटलं, आता बायकोला दिलेल्या शब्दाचं विचारेल. त्यानं ते विचारलंच नाही. त्यानं विचारलं, "साहेब, माझ्याकडून काही चुकलं का?"

तेव्हा तरी मी खरं सांगू शकत होतो की नाही? 'नाही रे बाबा, तुझं काही चुकलं नाही, यादी आधीच झाली होती.' एवढंच. पण तसं सांगितलं तर बायकोशी बोललेलं खोटं उघडं पडणार. मी म्हणालो, "कामाचा वेग बघून ठरवलंय. तुमचा जरा कमी पडला."

तो म्हणाला, "असं होय." आणि गेला.

छा साहेब, तुम्ही प्रेस विभागाचे जुने प्रमुख आहात, तुमची मान हलतेय ती मला इथून दिसतेय. जरा थांबा. मला पूर्ण बोलू द्या.

पुढचा इतिहास आपल्याला माहीत आहे, आणि तो फार छान आहे. त्याच वर्षीच्या शरदात ओन्सोत बाजारात आला. छुसॉकच्या सणाला सुना सासूसाठी कुकर घेऊन जायला लागल्या. दुकानदार कुकर नुसता चालू करून दारात ठेवायचे आणि आवाज ऐकून लोक थांबायचे. दोन हजार साली आपल्याला माणसं पुन्हा हवी झाली. चौसष्टांतल्या एकेचाळीस जणांना मी परत बोलावलं. वर्तमानपत्रात माझा फोटो आला, 'दिलेला शब्द पाळणारी कंपनी' असं खाली लिहून. त्या एकेचाळीसांत वू तेक-सू नव्हता आणि प्यो माल-सुन नव्हत्या. बोलावलं असतं तर ती दोघं रोज माझ्यासमोरून गेली असती. मला ते नको होतं.

खोट्याला एकट्यानं करमत नाही, त्याला भावंडं लागतात. साहेब एकदा आजारपणात मला म्हणाले, "अरे योम, ती आवाजवाली पोरगी हल्ली दिसत नाही?" मी म्हणालो, "तिला बुसानला चांगली नोकरी लागली साहेब." साहेब म्हणाले, "बरं झालं." पुढे, साहेब गेल्यावर, कंपनीला पंचवीस वर्षं झाली, तेव्हा इतिहासाचं पुस्तक मीच संपादित केलं. माल-सुनताईंचं नाव आलं तर त्या कुठे आहेत हा प्रश्न आला असता, म्हणून त्यात एकसष्टाव्या पानावर मी लिहिलं, 'ओन्सोतचा सुप्रसिद्ध आवाज सोलच्या एका नामवंत निवेदिकेचा आहे.' ते वाक्य आपण सर्वांनी वाचलं आहे; ज्यांना खरं माहीत होतं त्यांनीही मला कधी टोकलं नाही. शाळेतली मुलं कारखाना बघायला येतात, त्यांनाही ते सांगितलं जातं.

आणखी एक प्रसंग सांगतो. हा सांगायला मला सगळ्यात जड जातं. दोन हजार अकरा साली मी बाजारातल्या आपल्या दुरुस्ती केंद्रात पाहणीला गेलो होतो. मी आत, पडद्यामागे चहा घेत होतो. बाहेर आवाज आला. आवाज ओळखायला मला अर्धा क्षणही लागला नाही. आपल्यापैकी कुणाला लागला असता?

माल-सुनताई जुना कुकर घेऊन आल्या होत्या. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काकू, आतली सर्किटची पट्टी गेलीय. नवी बसवावी लागेल. आवाज मात्र नवा येईल हं."

"जुनाच नाही का मिळणार?"

"नवा जास्त गोड आहे काकू."

"गोडाचं नको गं. माझी सासू आहे अठ्ठ्याऐंशीची. डोळ्यांनी दिसत नाही. मी शंभरदा बोलावलं तरी जेवायला येत नाही, म्हणते, सुनेचं ऐकायचं नाही. आणि तो कुकर बोलला की उठून बसते. म्हणते, बघ, ही बाई कशी नीट बोलते, शीक जरा."

मुलगी हसली. म्हणाली, "अहो, ती सोलची निवेदिका होती ना, मोठी! आपल्याला कुठून तसं बोलता येणार?"

त्यावर माल-सुनताई काय म्हणाल्या असतील? मला वाटलं, आता सांगणार. त्या एवढंच म्हणाल्या, "असेल बाई. सोलची माणसं गोड बोलतात."

गोदामात जुन्या आवाजाच्या पट्ट्या पडलेल्या होत्या. मी पडदा बाजूला करून 'एक आणून बसव' एवढं म्हटलं असतं तरी काम झालं असतं. मी चहा संपवला. मग तो कप हातात धरून, त्या जाईपर्यंत बसून राहिलो. नवी पट्टी बसली. त्या सासूबाई पुढे कुणाच्या आवाजावर जेवायला उठल्या, मला माहीत नाही.

या वसंतात अध्यक्षांनी मला पंचेचाळीस वर्षांच्या नव्या पुस्तकाचं काम दिलं. जुनं पुस्तक उघडलं. एकसष्टावं पान समोर आलं आणि माझा हात पुढे जाईना. पत्नीला सगळं सांगितलं. चौतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? जिला सांगायचं तिला सांगा." आणि पुढचे दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. म्हणून आज ती खांबाआड बसली आहे.

माल-सुनताई आता बाजारातल्या गिरणीत मिरची दळतात, तिळाचं तेल काढतात. मी सकाळी गेलो. दुकानाच्या दारातच गुडघे टेकले. त्या घाईघाईनं म्हणाल्या, "अहो, उठा, उठा! गिऱ्हाईक बघतंय. काय झालं?" मला वाटलं होतं, त्या आवाजाबद्दल बोलतील. नाव चोरलं, पुस्तकात खोटं लिहिलं, त्याबद्दल. मी तेच आधी सांगायला लागलो. त्यांनी हातानं थांबवलं.

"आवाजाचं राहू द्या. मला एक सांगा. मी सही केली, त्या दिवशी ह्यांचं नाव दुसऱ्या यादीत होतं का?"

मी म्हणालो, "होतं."

"तेव्हाच?"

"तेव्हाच. त्याच खणात."

"आणि वेगाचं?"

"ते खोटं होतं. तेक-सूचा वेग प्रेस विभागात सगळ्यात चांगला होता."

त्यांनी पाटीतलं तिखट चमच्यानं गोळा केलं. पिशवीत भरलं. पिशवीचं तोंड बांधलं. गाठ काही बसेना, दोनदा सुटली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सहा वर्षं झाली त्यांना जाऊन. वीस वर्षं मी त्यांना ऐकवलं, साहेब. जेवायला वाढताना, भांडताना, पाहुण्यांसमोरसुद्धा. मी तुमच्यासाठी नोकरी सोडली आणि तुम्हाला स्वतःची टिकवता आली नाही. कामात ढिले, म्हणून काढलं तुम्हाला. ते एकदाही उलटून बोलले नाहीत. म्हणायचे, असेन गं ढिला. शेवटी शेवटी दवाखान्यातसुद्धा मला म्हणाले, त्या प्रेसवर मी जरा हात उचलला असता तर तुला ही गिरणी चालवावी लागली नसती."

मी उठून उभा राहिलो. तेवढ्यात एक बाई मिरच्यांचं पोतं घेऊन आली. माल-सुनताईंनी यंत्र चालू केलं आणि मला म्हणाल्या, "बाजूला व्हा. डोळ्यांत जाईल."

यंत्र थांबेपर्यंत मी उभा होतो. मग मी त्यांना आजच्या समारंभाचं निमंत्रण दिलं. म्हटलं, नव्या पुस्तकात तुमचं नाव, तुमचा फोटो, सगळं येईल. व्यासपीठावर या.

त्या म्हणाल्या, "मी येऊन काय करू? तुम्ही फुलं द्याल, मी वाकेन, लोक टाळ्या वाजवतील, आणि तुम्हाला मोकळं वाटेल. तुम्हाला मोकळं करायला मी नाही यायची." मग म्हणाल्या, "पण तुम्ही बोलणार आहात ना तिथं?"

"हो."

"प्रेसवरची जुनी माणसं येतील?"

"येतील."

"मग त्यांच्यासमोर सांगा. ह्यांचं नाव घेऊन सांगा. मला सांगितलंत ते मला पुरे. पण ते लोक अजून तसंच समजतात."

तेव्हा, मित्रहो, तेवढ्यासाठी मी आज इथे उभा आहे. छा साहेब, आणि तुमच्या बाजूला बसलेले प्रेस विभागातले सर्व जण, आपण जरा उभे राहता का? पाय दुखत असतील त्यांनी बसूनच ऐकावं. धन्यवाद.

प्रेस विभागातले वू तेक-सू यांनी या कारखान्यात तेरा वर्षं काम केलं. त्यांचा वेग कधीही कमी पडला नाही. त्यांचं काहीही चुकलं नव्हतं. ते कामात ढिले होते हे मी, योम ग्यु-छॉल यानं, स्वतःचं एक खोटं झाकण्यासाठी रचलेलं दुसरं खोटं होतं. आपल्यापैकी ज्यांनी ज्यांनी ते खरं मानलं, घरी सांगितलं, त्यांनी आज घरी जाऊन हे सांगावं, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

नव्या पुस्तकात एकसष्टाव्या पानावर प्यो माल-सुन हे नाव असेल. त्याच पानावर, आवाज मुद्रित होत असताना प्रेस बंद ठेवून दारात उभ्या राहिलेल्या वू तेक-सू यांचंही असेल. यादी कुणी केली, तेही असेल. अध्यक्षांनी काल त्या पानावर सही केली आहे.

माझी वीस मिनिटं केव्हाच संपली. अध्यक्षांनी मला बोलू दिलं, पाहुण्यांनी खुर्च्या सोडल्या नाहीत, जेवणघरातल्या मंडळींनी आमच्यासाठी रस्सा तिसऱ्यांदा गरम केला असेल, या सर्वांचे मी मनापासून आभार मानतो. माझ्या बोलण्यात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाचा मान कमी पडला असेल, शब्द लांबले असतील, तर ते सारं आपण पदरात घ्यावं आणि मला क्षमा करावी. बाकीच्या गोष्टीची क्षमा देणारे सहा वर्षांपूर्वी गेले. ती मी इथे कुणाकडेही मागत नाही.

येतो.